पवनेकाठी, दोन परस

परवा वाकडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस होता. हातात ताटली घेऊन एक गृहस्थ माझ्या शेजारी बसले आणि मला समजावू लागले, “आजी, या भागात आधी काही नव्हतंच. नुसतं माळरान. कंपन्या आल्या आणि मग इथे माणूस आला.” माझी नव्वदी उलटली आहे, त्यामुळे लोक मला हमखास समजावतात. मी म्हटलं, माणूस इथे किती जुना आहे ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. ते हसले. त्यांना वाटलं, आजींचं वय बोलतंय. माझं डोकं असं तापलं की केकसुद्धा न खाता मी खाली उतरले.

नातीने काढून दिलेल्या या ब्लॉगवर मी आजवर लांबलांबचे प्रवास लिहिले. आज जवळचा लिहिते. पुणे ते चिंचवड, तिथून पवनेचा काठ आणि परत, सायकलवर, एक शनिवार आणि एक रविवार. साल पंचावन्न असेल नाहीतर छप्पन. तुमच्यापैकी कुणाला त्या वाटेने जायचं असेल तर रस्ता सांगतेच, पण आधीच सांगून ठेवते, हा रागाने लिहिलेला प्रवास आहे.

मी तेव्हा शनिवार पेठेत राहायचे आणि मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. उरलेल्या वेळात एका प्राध्यापकांसाठी दगडांची चित्रं काढायचे. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्या घरची माणसं चांगली होती आणि दोषाची वाटणी करायची झाली तर माझ्याही वाट्याला बराच येतो. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. माणसाला लोखंड, तांबं काहीच ठाऊक नव्हतं, तेव्हा त्याने दगड फोडून जी हत्यारं केली, तो साहेबांचा विषय. विलायतेत शिकून आलेले. दगडाला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर रुमालाने बोटं पुसायचे.

माझा मामा चिंचवडला एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर होता. मुंबई रस्त्याच्या कडेने तेव्हा कारखाने उठायला लागले होते. त्यांच्या पायासाठी वाळू आणि गोटे पवनेच्या काठावर खणून काढत, आणि त्या खणण्यावर मामाची देखरेख. एका गुरुवारी तो पुण्यात आमच्या घरी आला, चहा झाल्यावर खिशातून रुमाल काढला आणि माझ्यासमोर उलगडला. आत दहा-बारा दगड. नखाएवढे, पांढरे, तांबूस, एक मधाच्या रंगाचा. दोन तर अगदी चंद्रकोरीच्या आकाराचे, एका बाजूने धार आणि दुसऱ्या बाजूने बारीक बारीक टोचून बोथट केलेले.

“कुमे, हे तुझ्या साहेबाला दाखव आणि माझी सुटका कर,” मामा म्हणाला. “आमच्या टोळीतली एक बाई, यल्लूबाई, एक अख्खी दरड खणू देत नाही. म्हणते, आत माणसाच्या हातचे दगड आहेत, कुणीतरी शिकलेला येऊन बघेपर्यंत कुदळ लावायची नाही. अठरा दिवस झाले. कंत्राटदार माझ्या डोक्यावर बसलाय.”

साहेबांनी दगड पाहिले, भिंग लावलं, आणि रविवारी येतो म्हणाले. त्या दिवशी त्यांना खडकीला एका बंगल्यावर जेवायचं आमंत्रण होतंच. मी मात्र एक दिवस आधी निघायचं ठरवलं. साहेबांच्या मोटारीत मागच्या सीटवर खोक्यांबरोबर बसायचा मला कंटाळा आला होता.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी निघाले. रस्ता सरळ आहे. शिवाजीनगर, खडकी, मग दापोडीचा पूल, पुढे कासारवाडी, पिंपरी, चिंचवड. घरापासून दहा-अकरा मैल. दुपारनंतर समोरून वारा येतो, तेव्हा शक्य तर सकाळी निघावं. पातळाचा काठ साखळीत जातो, त्याला मोठी पिन लावावी. मी लावली होती, तरी कासारवाडीशी अडकलाच आणि एक बोट काळं झालं. रस्त्यावर लष्कराच्या गाड्या, बैलगाड्या आणि अधूनमधून धूळ उडवत जाणारी एसटी. बाई सायकलवर आहे हे पाहून एसटीतल्या लोकांनी माना बाहेर काढल्या. त्यांना काय वाटलं असेल ते वाटो.

पिंपरीला निर्वासितांच्या वसाहतीशी मागचं चाक बसलं. रस्त्याकडेला एका सिंधी गृहस्थांचं खोकं होतं, एका अंगाला पंक्चर काढायचे आणि दुसऱ्या अंगाला भजी तळायचे. हात मात्र दर वेळी स्वच्छ धुवायचे. “बहनजी, बाभूळ का काँटा है, दस मिनिट,” म्हणाले आणि माझ्यासमोर कांद्याच्या भज्यांचा कागद ठेवला. किती पैसे दिले ते आठवत नाही, आण्यांतला व्यवहार होता. भजी मात्र आठवतात. धणे सबंध घातलेले, आणि बरोबर आंबटगोड चटणी. मी कुठे चाललेय ते विचारलं. दगड बघायला, म्हटलं. ते म्हणाले, “अच्छा है. यहाँ सब बोलते हैं हम नये हैं. पत्थर से कोई नहीं पूछता.” या एका माणसाचं बोलणं सोडलं तर त्या दोन दिवसांत शहाणपणाचं बोलणं फार थोड्यांकडून ऐकलं.

मामाच्या चिंचवडच्या दोन खोल्यांत हातपाय धुतले, मामीने पिठलं-भाकरी वाढली, आणि ऊन उतरायला लागलं तसा मामा मला नदीवर घेऊन गेला. तेव्हा तिथे पोचायला गाडीवाट होती, दोन्हीकडे ज्वारी. ताथवड्याच्या अलीकडे पवना एक मोठं वळण घेते. त्या वळणाच्या आतल्या अंगाला काठ उभा कापत नेला होता आणि खाली खाणीसारखा खड्डा झाला होता. वर, काठाच्या कडेला, शेतकऱ्यांची दोन घरं होती, मागे केळी आणि शेणाचे ढीग. खड्ड्याच्या पलीकडे वडार टोळीची पालं पडली होती.

यल्लूबाई चाळिशीची असेल. कधीतरी डोळ्यात कपची उडाली होती, त्यामुळे एक पापणी अर्धी मिटलेली. मामाने “ही माझी भाची, साहेबांच्या हाताखाली आहे” असं सांगितल्यावर तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: “तुमी दगूड फोडलाय का कवा?”

“नाही. मी चित्रं काढते.”

“मंग हितं बसा. आदी फोडलेला बगा.”

तिने ढिगातली एक गारगोटी उचलली, बोटांनी फिरवत राहिली, एका जागी थांबली आणि हातोडीचा एकच घाव घातला. पातळ कपची सुटून खाली पडली. ती तिने माझ्या तळहातावर ठेवली. “घाव बसला तितं हात लावा. खाली फुगलंय का?” खरंच फुगलं होतं, शिंपल्याच्या पाठीसारखं. मग डालड्याच्या डब्यातून तिने एक जुनी कपची काढून शेजारी ठेवली. तोच फुगवटा, अगदी त्याच ठिकाणी. फरक एवढाच की जुनीला सगळीकडे मातीची साय धरलेली होती.

“पानी दगूड गोल करतं, बाई. धार लावत न्हाई,” ती म्हणाली. “आनि नस बगून मारलंय ह्ये. आडानी मानसाला नस दिसत न्हाई. ज्यानं क्येलं त्यो आमच्यातलाच हुता.”

मी तीन वर्षं साहेबांच्या पुस्तकांतून या गोष्टी वाचत होते. इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, दरड का अडवलीस? त्यावर मामाच बोलला. खणताना तिला हे दगड एकाच थरात दिसायला लागले होते. वर नाही, खाली नाही. तिने तो थर ओल्या चिखलाने लिंपून टाकला, ढासळू नये म्हणून, आणि तेवढी दरड सोडून टोळीला बाजूला खणायला लावलं. नवऱ्याने शिव्या घातल्या, तरी ऐकलं नाही. कंत्राटदार आला तेव्हा त्याच्यापुढे उभी राहून म्हणाली होती, साहेब येऊ द्या. त्यांनी खोटं ठरवलं तर आम्ही पालं मोडून जातो, हे काम सोडतो.

“असं कशाला म्हणालीस?” मी विचारलं. सहा घरांची टोळी होती. पोटापाण्याचं काम.

“म्हनलं त्ये म्हनलं,” यल्लूबाई म्हणाली. “दगडाबाबतीत मी खोटं न्हाई बोलत.”

रविवारी नऊ वाजता साहेबांची मोटार गाडीवाटेच्या तोंडाशी थांबली. तिथून ते चालत आले, डोक्यावर हॅट, बुटांवर धूळ बसली म्हणून आधीच नाराज. टोळीतली सगळी माणसं खड्ड्याच्या कडेला गोळा झाली. यल्लूबाईने स्वच्छ लुगडं नेसलं होतं. तिने डबा साहेबांसमोर गोणपाटावर ओतला. साठ-सत्तर तरी दगड असतील. साहेबांचा चेहरा क्षणभर उजळला हे मी पाहिलं, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी प्रश्न विचारला, आणि विचारला माझ्याकडे बघून.

“तिला विचारा, हे नेमके कुठे सापडले?”

ती त्यांच्यासमोर तीन हातांवर उभी होती. मराठी बोलत होती. तरी मी विचारलं. यल्लूबाईने हात वर करून, मग खाली आणून, भरभर सांगितलं, “दोन परसाला घावलं समदं. त्याच्या वर काय न्हाई.”

“काय म्हणते?” साहेब मला म्हणाले.

आणि मी सांगितलं. शनिवार पेठेतल्या माझ्या घरी परस म्हणजे मागच्या दाराबाहेरची जागा. तिथे आमची केळ, तिथे धुण्याचा दगड, तिथे खरकटं पाणी. मी म्हणाले, “दोन घरांच्या परसात सापडले म्हणते. त्याच्या वरच्या बाजूला काही नाही.”

साहेबांनी मान वर करून काठावरची दोन घरं पाहिली. केळी दिसत होत्या, शेणाचे ढीग दिसत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. म्हणाले, “म्हणजे उकिरड्यातला माल. ही माणसं चकमकीसाठी गारगोट्या फोडतात, तुकडे मागच्या दारी फेकतात. त्यात दोन-चार खरे मिसळले असतील, पण अशा जागेला अर्थ नाही.”

यल्लूबाईला त्यांच्या बोलण्यातलं सगळं कळलं नाही, पण सूर कळला. तिने विळा उचलला. “लिपान खरवडून दावू का? थर हितंच हाय,” ती दरडीकडे जात म्हणाली.

“काय म्हणते?”

“चिखल खरवडून दाखवते म्हणते.”

“राहू दे. वेळ नाही,” साहेब म्हणाले. घड्याळात साडेदहासुद्धा वाजले नव्हते. विळ्याचे चार फटकारे, तेवढंच काम होतं. ती दरडीपाशी विळा घेऊन उभी राहिली आणि साहेबांनी तिच्याकडे पाठ करून फाउंटन पेनने इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद मामाच्या हातात दिला. जागा अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे, खणायला हरकत नाही. दगड मात्र सगळे खोक्यात भरून घेतले. निरुपयोगी होते ना, तर ठेवायचे तिथेच. आणि हे मला तेव्हा सुचलं नाही. खोकं मीच बांधून दिलं.

मामाने यल्लूबाईला कागदात काय आहे ते सांगितलं. तिने विळा पालाच्या दोरीला अडकवला आणि भांडी आवरायला लागली. तिचा नवरा मामाला म्हणाला, “उद्या सकाळच्याला निगतो आमी.” मामा म्हणाला, अरे असं काही नाही, काम चालू ठेवा. पण त्यांच्यात बोललेलं बोललेलं असतं, हे मामालाही ठाऊक होतं.

मला तिथे बसवेना. यल्लूबाई खोटारडी निघाली म्हणून मी चिडले होते, हेही लिहून टाकते. मला आदल्या दिवशी एवढं नसबीस शिकवलं आणि दगड मागच्या दारातून वेचलेले. सायकल हातात धरून मी वाटेने चालत निघाले. अर्ध्या मैलावर एका मळ्यात मोट चालू होती, तिथे पाणी प्यायला थांबले. मोट हाकणारे म्हातारे ताथवड्याचे, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. पाणी गार होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, विहीर खोल दिसते.

“सात परस हाय,” ते म्हणाले. “उनाळ्यात बी दोन परस पानी ऱ्हातं.”

मी तांब्या खाली ठेवला. “सात परसं? इथे घरं कुठे आहेत एवढी?”

म्हाताऱ्यांनी बैल थांबवले. “घरं? घराचा काय संबंद? अवं बाई, परस म्हंजी पुरुस. उभा गडी, हात वर क्येल्याला. इहीर दुसऱ्या कशानं मोजत्यात?”

मी त्यांना परत विचारलं. त्यांनी बैलांसमोर उभं राहून दोन्ही हात वर करून दाखवलं. “ह्यो येक परस. पुण्याला इहिरी न्हाईत व्हय?”

विहिरी होत्या. आमच्या वाड्यातही होती. ती किती खोल आहे हे मी बावीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं, कारण ती मी खणली नव्हती, आणि मी ज्यांच्याशी बोलत असे त्यांच्यातल्या कुणीच खणली नव्हती.

परत कशी गेले ते आठवत नाही, ज्वारीच्या धसकटांतून सायकल ओढत गेले असणार, कारण पोटऱ्या ओरखडल्या होत्या. यल्लूबाई चूल मोडत होती. मी तिच्यासमोर उभी राहून सांगितलं, तू म्हणालीस ते मी साहेबांना चुकीचं सांगितलं. परस म्हणजे मला मागचं दार वाटलं. चूक माझी आहे, तुझी नाही.

ती हसली, आणि ते हसणं मला शिव्यांपेक्षा वाईट वाटलं. “मागल्या दाराला कोन दगूड खनतंय, बाई? सायबाला बी न्हाई कळलं?”

“नाही.”

“म्हंजी मी खोटी न्हाई.”

“नाहीस.”

“मंग चला,” ती म्हणाली आणि विळा काढला.

तिने लिंपण खरवडलं. आत, बोटभर जाडीचा नव्हे, चांगला हातभर जाडीचा थर, आणि त्यात गोट्यांच्या मधे मधे तेच दगड, धार वर करून, आडवे, तिरपे, जिथे पडले तिथे. वरच्या पिवळ्या मातीत एक नाही. मी गुडघ्यावर बसून नुसती पाहत राहिले. मग वही काढली. माझ्याकडे टेप नव्हती, होती ती मामाकडची साहेबांनी मोटारीत टाकून नेली होती. यल्लूबाई म्हणाली, टेप कशाला हवी. थरावर पाय टेकवून ती दरडीला पाठ लावून उभी राहिली, हात वर केला, मी बोटांच्या टोकाशी खूण केली. मग खणताना ठेवलेल्या पायऱ्यांवरून ती वर चढली, खुणेवर टाच ठेवली, पुन्हा हात वर केला. तिची बोटं वरच्या गवताला लागली. दोन परस. एक बोट इकडे नाही की तिकडे नाही.

मी ती दरड वहीत पूर्ण काढली. काळी माती, पिवळी माती, चुनखडीचे खडे, गोटे, थरातला एकेक दगड जिथे होता तिथे. तीन तास लागले. टोळीतल्या बायका सावली धरायला पाठीमागे लुगडं ताणून उभ्या राहिल्या. मामाही आला, पाहिलं, डोक्याला हात लावला. “कुमे, मला पटतंय. पण उद्या सकाळी कंत्राटदार येणार आणि साहेबांच्या सहीचा कागद मला त्याला द्यावा लागणार. तुझ्या वहीवर मी काम थांबवू शकत नाही.”

“आनि त्या कागदावर मी खोटीच हाय,” यल्लूबाई म्हणाली. “त्यो पुसल्याबिगर हितं कशी ऱ्हाऊ?”

तो पुसून आणणं आता माझं काम होतं. वही पातळात खोचली आणि सुटले. खडकीपर्यंतचा रस्ता वाऱ्याच्या दिशेने आहे, सायकल आपोआप पळते. येताना हे लक्षात ठेवा.

बंगल्याच्या व्हरांड्यात साहेब आरामखुर्चीत होते. जेवण होऊन आइसक्रीम चाललं होतं. मी घामाने निथळत, एक बोट काळं, पोटऱ्यांवर रक्त, पायरीखाली उभी. वर या म्हणालं नाही कुणी. मी तिथूनच सगळं सांगितलं. परस म्हणजे काय, विहिरी कशा मोजतात, ती काय म्हणाली होती, मी काय सांगितलं, थर कसा आहे. वही पुढे केली.

साहेबांनी वही घेतली नाही. म्हणाले, “तुम्हीच सांगताय की सकाळी तुम्ही ऐकण्यात चूक केलीत. मग आता जे ऐकून आलात ते बरोबर कशावरून?”

“मी डोळ्यांनी पाहिलंय. मोजलंय.”

“कशाने?”

“यल्लूबाईच्या उंचीने.”

यजमान हसले, त्यांच्या सौभाग्यवती हसल्या. साहेबही हसले, आणि मग जरा प्रेमळपणे म्हणाले की मी चित्रं उत्तम काढते आणि त्यातच लक्ष घालावं. कागद सही होऊन गेला आहे. एका मजूर बाईच्या शब्दावरून आपली सही मागे घेतली तर कंत्राटदार काय म्हणेल. मी विचारलं, “ती काय म्हणेल?” त्यांनी आइसक्रीमची वाटी पुन्हा हातात घेतली. नोकर माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आला. तो मी न पिता परत दिला आणि घरी आले.

सोमवारी शाळा होती. मी मुलींना फुलदाणी काढायला दिली आणि खिडकीशी उभी राहिले. मंगळवारी मामाचं कार्ड आलं. टोळी सोमवारी उजाडताच निघाली. कुठल्या दिशेने, ते त्यालाही नीट माहीत नव्हतं, कुणी चाकण म्हणालं, कुणी तळेगाव. दुपारपर्यंत दुसऱ्या माणसांनी दरड पाडली. तो थर गोट्यांसकट कारखान्याच्या पायात गेला. आज तुम्ही तिथे गेलात तर बघायला काही नाही, मधून रस्ता गेलाय आणि बाजूला इमारती आहेत. एकीत माझ्या मुलाच्या मित्राचा फ्लॅट आहे. जेवायला बोलावतात, मी जाते, आणि खालच्या पार्किंगमध्ये चालताना मला दर वेळी संताप येतो. त्याचा आता कुणाला उपयोग नाही, तरी येतो.

पुढे दोन-तीन वेळा मी सायकलवर चाकणपर्यंत जाऊन आले. जिथे खडी फोडताना दिसली तिथे थांबून विचारलं. यल्लूबाई नावाच्या चार भेटल्या. अर्ध्या मिटल्या डोळ्याची एकही नाही. तिला मला एवढंच सांगायचं होतं की कागद पुसता आला नाही.

माझी वही साहेबांनी कधीच मागितली नाही. दगडांची चित्रं मात्र मागितली, आणि मी ती काढून दिली. साहेबांचं काम सोडून द्यावं, तोंडावर काहीतरी बोलावं, असं रोज ठरवायचे. घरात मिळवणारी मी एकटी होते. हे कारण आहे, सबब म्हणून सांगत नाही.

महिन्याभराने दगड कपाटाच्या खणात लावायचे ठरले. माझं अक्षर वळणदार, म्हणून चिठ्ठ्या मी लिहायच्या. साहेब टेबलापाशी उभे राहून सांगत होते. बाकीच्या खणांचं झालं आणि पवनेकाठचा खण आला. “लिहा, परसातून मिळालेले. मजुरांकडून,” ते म्हणाले आणि टपाल बघायला वळले.

मी लिहिलं, “पवनाकाठ, ताथवड्याअलीकडे. दोन परस. दाखवणारी यल्लूबाई, दगड फोडणारी.” शाई वाळू दिली आणि चिठ्ठी त्यांच्यासमोर ठेवली. खडकीच्या पायरीखाली उभी राहून मी याच शब्दावर घसा कोरडा केला होता, तेव्हा आता ते चिठ्ठी फाडतील आणि मला काढून टाकतील याची मला खात्री होती.

साहेबांनी चष्मा लावला. यल्लूबाईचं नाव त्यांनी एका रेघेने खोडलं आणि वर बारीक अक्षरात “मजूर” असं लिहिलं. मग उरलेलं वाचलं. “दोन परस. हं, बरोबर, दोन घरं होती,” म्हणाले, आणि चिठ्ठी स्वतःच्या हाताने खणात ठेवली.